कापसाच्या खोलीतली गिटार

दर्यापूरच्या आमच्या घरात पुढची मोठी खोली आणि तिच्यामागची लहान खोली यांच्या भिंतीत एक भोक आहे. अंगठा जाईल एवढं. पाहुणे आले की विचारतात, हे कशाचं? मला चार माणसांत बोलायला जमत नाही, म्हणून मी म्हणते वायरचं. ते खरंच आहे, पण पुरतं नाही. पुरतं इथे लिहिते, कारण इथे मधे बोलणारं कोणी नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझा धाकटा दीर शाळेत जात होता. सासूबाई आधीच गेलेल्या. त्याचा डबा, त्याचे कपडे, त्याचा ताप, सगळं माझ्याकडे आलं. तेव्हा मी त्याला अरेतुरे करायची. त्याला मिसरूड फुटलं तशी मी भाऊजी म्हणायला लागले आणि तो हसला. म्हणाला, काहून वयनी, मी एका दिवसात एवढा मोठा झालो का. पण मनातल्या मनात मी त्याला अजून अरेतुरेच करते, आणि इथेही तसंच लिहिते.

अमरावतीला कॉलेजात गेला आणि तिथून गिटार घेऊन आला. विजेवरची, लाल. तिला पोट नव्हतं, नुसती फळी. नुसती वाजवली तर माशी गुणगुणावी एवढाच आवाज. मला वाटलं फसवलं पोराला. मग त्याने ती स्पीकरच्या एका जड डब्याला जोडली, त्याला ते लोक अ‍ॅम्प म्हणतात, आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. माझे यजमान शेतातून आलेले, पाय धूत होते. ते म्हणाले, "हे वाजवून राहिला का कोणाले मारून राहिला?"

काही वर्षं तो अमरावतीच्या एका ऑर्केस्ट्रात होता. लग्नाच्या हंगामात चांदूर, तिवसा, अकोला, कुठे कुठे जायचा. पुढे ती शेतीची वाईट वर्षं आली. कापसाचं काय चाललं होतं ते वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. लग्नं आटोपशीर व्हायला लागली. अख्खा ऑर्केस्ट्रा बोलावण्यापेक्षा लोक एक डीजे बोलावू लागले, तोही जमला तर. दीर घरी परत आला तो एक कॉम्प्युटर आणि एक साउंड कार्डाची डबी घेऊन. मागच्या लहान खोलीत त्याने स्टुडिओ केला. स्टुडिओ म्हणजे एक टेबल, एक माइक आणि दाराला माझी जुनी सतरंजी. भजनी मंडळं यायची. ऑटोवर वाजवायच्या बियाण्यांच्या जाहिराती यायच्या. दर वर्षी नवीन बियाणं, दर वर्षी तोच ओरडणारा माणूस.

पण त्याचं मन दुसरीकडे होतं. ऑर्केस्ट्रातला त्याचा एक दोस्त अकोल्याचा. गादी-रजईचं दुकान होतं त्याचं, मुसलमान घरचा, गळा असा की मी भाकरी थापता थापता थांबायची. त्या दोघांनी मिळून सहा गाणी केली होती, आपल्या बोलीतली. एक बाजाराचं होतं, एक विहिरीचं, एक तर नुसतं दर्यापूरच्या फाट्यावर जीपची वाट पाहण्याचं. त्यांची सीडी काढायचं ठरलं होतं. दीर त्यात गिटारवर जे वाजवणार होता ते त्याने स्वतः बसवलं होतं. पोळ्याच्या सुमाराला दिवसभर तेच चालायचं.

आता अडचण लाइनीची. तेव्हा लोडशेडिंग एवढं होतं की घड्याळ पाहायच्या आधी आम्ही पंख्याकडे पाहायचो. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर कसाबसा चालायचा, पण अ‍ॅम्प जोडला की इन्व्हर्टरची घरघर सगळी त्या आवाजात यायची. म्हणून त्याने एक युक्ती केली. अ‍ॅम्प लावायचाच नाही. गिटारची वायर सरळ साउंड कार्डाच्या डबीत घालायची आणि नुसत्या तारा भरून ठेवायच्या. त्या तारांचा आवाज असा यायचा, जणू कोणी पत्र्याच्या डब्यावर रबर ताणून वाजवतंय. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला. माझं तोंड पाहून तो म्हणाला, "हे कोरडं आहे वयनी. नुसतं पीठ समजा. लाइन नीट असली की हेच कॉम्प्युटरमधून बाहेर काढायचं, अ‍ॅम्पमधून वाजवायचं, अन् त्याच्यापुढं माइक ठेवून पुन्हा भरायचं. तवा मंग भाकर होते."

मला ते समजलं. हात एकदाच चालवायचा, आवाज मागून ठरवायचा.

ती सहाही गाणी त्याने कोरडीच भरून ठेवली. बसताना तुळशीकडे तोंड करून बसायचा, कारण त्या बाजूला वळलं की गिटारीतली गुणगुण कमी व्हायची. एका गोष्टीवर मात्र चिडायचा. डावा हात तारांवरून सरकला की कर्र असा बारीक आवाज यायचा. तो आला की तो स्वतःला शिवी द्यायचा आणि पुन्हा वाजवायचा. तरी काही ठिकाणी राहूनच गेला तो आवाज.

दिवाळीच्या आधी कडब्याची कुट्टी करताना अपघात झाला. लाइन गेली म्हणून मशीन थांबलं होतं. पात्यात पेंढी अडकली होती. बटण बंद करायचं राहिलं, कारण लाइन नसताना बटण कोण पाहतं. त्याने पेंढी काढायला हात घातला आणि लाइन आली.

डाव्या हाताची मधली दोन बोटं वरच्या पेरापासून गेली. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हात वाचला हे नशीब. यजमान हो म्हणाले, मीही हो म्हणाले. घरी आल्यावर दिराने गिटार खुंटीला टांगली आणि कॉम्प्युटरवर पांघरूण घातलं.

दिवाळी झाली आणि कापूस घरी आला. भाव पडलेला, म्हणून यजमानांनी विकला नाही. आमच्याकडे भावाची वाट पाहायची ती कापूस घरात भरूनच. पुढच्या खोलीतला पलंग बाहेर निघाला आणि कापूस आत गेला, खिडकीच्या वरपर्यंत. माणसं उरलेल्या कोपऱ्यात. दिराचा अ‍ॅम्प त्या खोलीत भिंतीशी ठेवलेला होता, तो कापसात गाडला गेला. तो कोणी बाजूला केला नाही आणि दिरानेही सांगितलं नाही.

थंडी पडल्यावर अकोल्याचा दोस्त आला. सोबत एक लहानशी लोखंडी डबी आणली होती. कॉम्प्युटरमधून निघणारा आवाज जोरकस असतो आणि अ‍ॅम्पला गिटारीसारखा नाजूक लागतो, म्हणून मधे ती डबी लागते. अकोल्यात एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून त्याने ती मुद्दाम करून आणली होती. त्याने ती दिरापुढे ठेवली. बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलले, दुकानाचं, थंडीचं. मी स्वयंपाकघरात होते. मग आवाज बदलला.

"अरे यार, मले तुयाच हाताचं पायजे," दोस्त म्हणाला. "पन थे कोरडं कोनी ऐकत नाई. नागपूरचा एक पोरगा आहे, संक्रांत झाली का तो अकोल्याले येते. तवापर्यंत तुयं झालं त तुयं. नाई त त्याच्याकडून सगळं नवं वाजवून घेतो. मंग मले बोल लावू नको."

दीर म्हणाला, "त्याच्याकडूनच घे."

"काहून?"

"अ‍ॅम्प कापसात गाडला आहे."

दोस्त हसला नाही. जाताना स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून मला म्हणाला, भाभी, ह्याले समजावा. मी मान हलवली. पण समजावणं मला येत नाही. मी चौथीपर्यंत शाळेत गेले तिथेही मास्तरांनी उभं केलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. दिराला मी काय सांगणार होते? की ती बोटं आता पुन्हा येणार नाहीत, आणि ती जे वाजवून गेली ते या कॉम्प्युटरमध्ये पांघरुणाखाली आहे? की नागपूरच्या पोराने वाजवलं की ते कोणाच्याच कामाचं राहणार नाही? हे सगळं माझ्या मनात नीट रांगेत होतं. तोंडापर्यंत एकही आलं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी, यजमान शेतात आणि दीर बाजारात गेल्यावर, मी कापूस उकरायला लागले. जिथे अ‍ॅम्प होता असं वाटत होतं तिथे हातांनी खड्डा करत गेले. साठवलेल्या कापसाने अंगाला केवढी खाज सुटते ते ज्याने उकरला त्यालाच माहीत. अ‍ॅम्पचं तोंड दिसलं तेव्हा मी थांबले. सगळा काढणं एकटीने जमण्यासारखं नव्हतं. मग त्याच्या पुढ्यात एक माणूस बसेल एवढीच जागा केली. तिन्ही बाजूंनी आणि डोक्यावरही कापूस, मधे ते काळं तोंड.

दीर आला तेव्हा मी हात-पाय खाजवत अंगणात बसले होते. मी म्हणाले, "भाऊजी, डबा निघाला."

तो खोलीत गेला. मग मागच्या खोलीतून पांघरूण ओढल्याचा आवाज आला.

त्या आठवड्यात आमच्या भागात दुपारची लाइन होती. त्याने गिरमिटाने भिंतीत भोक पाडलं आणि दोन वायरी घातल्या, एक जाणारी, एक येणारी. जाणाऱ्या वायरीवर ती लोखंडी डबी. पहिल्यांदा सुरू केलं तर नुसती घुंई. तो म्हणाला अर्थिंग सुकलं. मी अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकून बादलीभर पाणी ओतलं, तशी घुंई बसली. अजूनही तुळशीला पाणी घातलं की उरलेलं मी तिथे ओतते. सवयच झाली आहे.

त्याला मागच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं होतं, कारण तिथेच कळणार आवाज कसा भरला जातोय. माइक सरकवायला अ‍ॅम्पपाशी दुसरं माणूस पाहिजे. आणि ते माणूस मुकं पाहिजे, कारण माइकपुढे शिंकलं तरी ते गाण्यात जाणार. त्याने मला विचारलंसुद्धा नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू आलं. त्या अपघातानंतर पहिल्यांदा.

गप्प बसायचं हेच ज्यात काम, असं काम मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं.

बांगड्यांचं अवघड झालं. काचेच्या, हात हलला की किणकिण. काढायच्या कशा? शेवटी मी त्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि वरून चिंधी घट्ट बांधली. शेजारीण साखर मागायला आली ती माझ्या हाताकडे पाहत राहिली. म्हणाली, "काय झालं वं? भाजलं का?" मी मान हलवली. मग संध्याकाळपर्यंत गल्लीत मला भाजल्याचं झालं.

भोकातून त्याने एक दोरी माझ्याकडे सोडली, तिचं टोक मी मनगटाला बांधलं. एक हिसका म्हणजे माइक स्पीकरच्या मध्याकडे. दोन हिसके म्हणजे कडेकडे. लांब ओढली म्हणजे थांबा, हेच राहू द्या. मधोमध माइक धरला की आवाज टोचतो आणि अगदी कडेला नेला की कोंडतो, हे त्याने मला आधी ऐकवून ठेवलं होतं. मधे कुठेतरी बोटभर जागा असते, तिथे तो उमलतो.

पहिलं गाणं सुरू झालं ते जीपची वाट पाहण्याचं. मी कापसाच्या त्या खोबणीत मांडी घालून बसले होते. अ‍ॅम्पमधून गिटार निघाली. मी ती पावसाळ्यात भिंतीपलीकडून कितीदा ऐकली होती, पण पत्र्याच्या डब्यासारखी. आता तिला अंग आलं होतं. माझ्या गुडघ्यांना ती कळत होती. गिटार मागच्या खोलीत खुंटीला होती, वाजवणारा पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि बोटं इथे चालत होती. एकही अडखळत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला भीती वाटली, नाक ओढलं तर माइकमध्ये जाईल. म्हणून तसंच वाहू दिलं.

गाणं संपलं तेव्हा दोरी लांब ओढली गेली.

रोज थोडं थोडं होत गेलं. दीर आता सकाळी उठून पंख्याकडे पाहायचा. उद्या परत तसंच बसलं पाहिजे म्हणून त्याने सगळ्याच्या खुणा केल्या. माइकच्या स्टँडचे पाय, अ‍ॅम्पचे कोपरे, सगळ्याभोवती मी गेरूने रेघा ओढल्या. अ‍ॅम्पच्या बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले. माझं पाऊल कुठे, तेसुद्धा. म्हणायचा, वयनी, आता भूकंप झाला तरी आपल्याले जागा सापडते.

चार गाणी झाली. यजमान येता-जाता पाहायचे. एकदा म्हणाले, "शेतात बाई मिळत नाही निंदायले, अन् इथं घरची बाई डब्यापाशी बसून राहते." पण थांबवलं नाही. त्यांचं स्वतःचं मन त्या दिवसांत भावाकडे लागलेलं.

संक्रांत जवळ आली. दीर पट्टी बदलायला अमरावतीला गेला होता, मी त्याच्याबरोबर होते. त्याच दिवशी भाव थोडा वर आला आणि व्यापाऱ्याची गाडी गल्लीत उभी राहिली. आम्ही संध्याकाळी परत आलो तर खोली मोकळी. यजमान उंबऱ्यावर बसलेले, अंगभर कापसाचे तंतू, आणि चेहरा हलका, जसा मी कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता. अ‍ॅम्प जागेवर, माइक जागेवर. गाडीवाल्या माणसांना त्यांनी स्वतः सांगितलं होतं की गेरूच्या रेघांना पाय लावू नका.

दीर आनंदाने म्हणाला, चला, जागा झाली. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाचवं गाणं लावलं. माइक रेघेवर, बटणं ठिपक्यांवर, मी माझ्या पावलाच्या खुणेवर. गिटार निघाली ती विहिरीत कोणी हाका माराव्या तशी. भिंतींवरून परत येत होती, एकीतून दोन होत होत्या. मनगटावर हिसके बसत होते, एक, दोन, पुन्हा एक. मी माइक बोटाबोटाने सरकवला. काही होईना. मग दोरी ढिली पडली आणि तो स्वतः दारात येऊन उभा राहिला. त्याने टाळी वाजवली, म्हणजे उजव्या हाताने मांडीवर चापट मारली. ती चापटही दोनदा ऐकू आली.

आम्ही सगळ्याच्या खुणा केल्या होत्या. कापसाची केली नव्हती. तो आम्हाला खोलीतलं सामान वाटलाच नाही, तो पीक होता. आणि चारही गाण्यांचा तो मऊ, जवळचा आवाज अर्धा त्या कापसाचा होता.

घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या. शेजारणीकडूनही आणल्या, आता तिला काय वाटलं असेल ते वाटो. दोऱ्या बांधून टांगल्या, खाली पसरल्या. घुमणं कमी झालं पण तो आवाज आला नाही. चार गाणी एका घरची आणि दोन दुसऱ्या घरची, असं ऐकू येत होतं. दिराने हेडफोन काढून ठेवला. म्हणाला, नागपूरवाल्याले येऊ दे. तो सहाही एका जागी बसून वाजवेल, एकसारखी तरी होतील. आणि तो जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजला, भर दुपारी.

लाइन चालू होती. पंखा फिरत होता. त्या दिवसांत चालू लाइन वाया जाताना पाहणं म्हणजे दूध उतू जाताना पाहण्यासारखं होतं. मी गोधड्यांच्या मधे उभी.

यजमान जेवायला आले. गोधड्या पाहून विचारलं काय आहे. दीर बोलेना, म्हणून मला सांगावं लागलं. मी तुटक तुटक सांगितलं. कापूस होता तेव्हा कसा येत होता, आता कसा येतो. ते ताटावर बसले नाहीत. खोलीत जाऊन मधोमध उभे राहिले, आणि एक हाक दिली, बैलाला देतात तशी. ती भिंतींवरून परत आली. त्यांना बहुतेक गंमत वाटली, कारण त्यांनी आणखी एक दिली.

मग दिराच्या खाटेपाशी येऊन म्हणाले, "थे जे तू आधी वाजवून ठेवलं, थे खराब झालं का?"

दीर म्हणाला, "नाई. थे आहे तसंच आहे."

"अन् थे पुन्हा या डब्यातून काढता येते?"

"किती खेपा बी येते."

"मंग दुबार पेरणी समज अन् सहाही पुन्हा कर, या रिकाम्या खोलीत. पाऊस दगा देते तवा आपण काय करतो?" ते ताटाकडे वळले. मग मागे न पाहता म्हणाले, "अन् तुयं त बियाणं बी घरचं आहे. आमच्यासारखं दुकानात जा लागत नाई."

दिराने उठून पहिली गोधडी सोडली.

त्या दुपारी आम्ही सगळ्या गोधड्या उतरवल्या आणि गेरूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या. रिकाम्या खोलीशी भांडायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. त्याने अ‍ॅम्पचा आवाज कमी केला आणि मला दोरीचा नवा अर्थ सांगितला. ओढत राहीन तोवर मागे या. मी स्टँड घेऊन मागे मागे येत गेले, स्पीकरपासून दूर, दाराकडे. खोली आवाजात यायला लागली. आधी गिटार कानाशी बोलत होती. आता ती अंगणाच्या पलीकडून कोणी बोलावं तशी झाली, मोकळी, थोडी एकटी. दाराच्या उंबऱ्याशी पोचले तेव्हा दोरी थांबली.

त्या जागेवरून सगळंच ऐकू येत होतं. गाण्याच्या मधे जिथे सूर थांबतात तिथे तो कर्र आवाजही, तारांवरून हात सरकल्याचा. कापसात तो दबून गेला होता. इथे तो खोलीभर ऐकू आला, खरवडल्यासारखा, जिवंत.

गाणं संपलं. दीर आत आला आणि तेच म्हणाला जे मला वाटलं होतं की म्हणेल. चांगलं झालं, फक्त ते कर्र कर्र कॉम्प्युटरमधून कापून टाकतो, आता जमते तसं.

मी म्हणाले, "राहू द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सहसा असं काही म्हणत नाही.

"भाऊजी, ती तुमची बोटं आहेत. ती दोन. बाकीच्या सुरांत कोणतं बोट आहे ते मला कळत नाही. त्यात मात्र कळतं."

त्याने पट्टीचा हात दुसऱ्या हातात धरला. मग मागच्या खोलीत गेला, आणि थोड्या वेळाने दोरीला एक हिसका बसला. पुढचं गाणं.

संक्रांतीच्या दिवशी अकोल्याचा दोस्त आला. तीळगूळ खाल्ला, मग मागच्या खोलीत हेडफोन लावून बसला. मी चहा ठेवायला आत गेले होते. त्याने डोळे मिटलेले. सहाही गाणी त्याने ऐकली, मधे थांबवलं नाही. ती कर्र जिथे यायची तिथे त्याची भुवई हलायची. मला वाटलं, आता हा म्हणेल हे काढा.

त्याने हेडफोन काढला. म्हणाला, "हे कुठं भरलं रे? एखाद्या मोठ्या हॉलात वाटते."

"घरीच. पुढच्या खोलीत."

"कापूस होता न तिथं?"

"इकला दादानं."

दोस्ताने थंड झालेला चहा एका घोटात संपवला. खिशातून मोबाइल काढला आणि तिथेच बसून नागपूरला फोन लावला. त्याने त्या पोराला नीट, प्रेमाने सांगितलं की बेटा, यंदा नको, आमच्या माणसाचं झालं आहे. फोन ठेवल्यावर दिराला म्हणाला, "तुया पायी मी आता नागपुरात बदनाम." दीर हसला आणि त्याने डोळे पुसले, उजव्या हाताने.

सीडी निघाली. फार विकली असं नाही. आमच्या फाट्यावरच्या टपरीत ती वाजायची आणि जीपची वाट पाहणारे लोक जीपची वाट पाहण्याचं गाणं ऐकायचे. दिराने पुन्हा गिटार वाजवली नाही. पण अकोल्याची, अमरावतीची पोरं आपापलं कोरडं वाजवलेलं पेन ड्राइव्हवर घेऊन त्याच्याकडे यायला लागली, की याला आवाज द्या. तो मागच्या खोलीत बसतो. दोरी अजून आहे. माझ्या बांगड्यांची चिंधी तिच्याशेजारी खिळ्याला असते. कोणाला मोकळा आवाज हवा असतो, कोणाला मऊ.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन गाडी गल्लीत आली. यजमान खाली उतरले. दर वर्षी ते सरळ गाठोडी आत टाकायला लागत. त्या दिवशी ते पुढच्या खोलीच्या दारात आले, आत अ‍ॅम्पपाशी मी बसले होते, दुपारची लाइन होती, काम चालू होतं. ते उंबऱ्यावर थांबले. माइककडे बोट करून, आवाज न करता, त्यांनी हातानेच विचारलं: कापूस कुठे भरू?

भिंतीपलीकडे दिराला विचारायला मी दोरीला हिसका दिला. माझ्या बाजूने पहिल्यांदाच.